कंटेनर टर्मिनलवर नवीन आहात? पहिल्या महिन्यात हे शिकून घ्या

टर्मिनलवर रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि जाड बूट मिळतात, आणि आपली सुरक्षिततेची सोय झाली असं त्याला वाटतं. पण ही सगळी शेवटची फळी. भरलेला डबा (कंटेनर) तीस टनांहूनही जड असू शकतो आणि तो उचलणाऱ्या रीच स्टॅकरचं स्वतःचं वजन ७० टनांच्या आसपास भरतं. त्यापुढे हेल्मेट काय करणार? ते वरून सुटलेल्या नटबोल्टसाठी आणि गंजाच्या पापुद्र्यासाठी आहे. जीव वाचतो तो एकाच नियमाने: यंत्र चालतंय तिथे माणूस नको, आणि माणूस आहे तिथे यंत्र हलायला नको. खालच्या सगळ्या पायऱ्यांत हाच नियम वेगवेगळ्या जागी लावलेला दिसेल. तो रोज पाळला जातो की नाही हे मात्र फलकांवरून कळत नाही. कुणी ‘थांबा’ म्हटलं की बाकीचे त्याच्याशी कसे वागतात, त्यावरून कळतं.

पायरी १: गेटच्या आत पाऊल टाकण्याआधी

साहित्य आधी तपासा. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवा. जहाजावर वाऱ्यात पट्ट्याशिवायचं हेल्मेट पहिल्याच झटक्यात समुद्रात जातं. जाकीट मळलेलं, फिकट झालेलं असेल तर बदलून मागा, कारण उंच कॅबमधल्या चालकाला रात्री दिसते ती फक्त त्याची परावर्तक पट्टी. बुटांचा पंजा पोलादी किंवा कॉम्पोझिट असावा आणि तळ तेलावर न घसरणारा. हातमोजे बोटांत घट्ट बसणारे घ्या. ढिले मोजे कॉर्नर कास्टिंगमध्ये, म्हणजे डब्याच्या कोपऱ्यातल्या भोकं असलेल्या पोलादी ठोकळ्यात, अडकतात. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. धक्क्याच्या कडेला काम असेल तर लाइफ जॅकेट घालायचं, तेही बंद लावून.

मग तीन गोष्टी पाठ करा: आणीबाणीचा नंबर किंवा रेडिओ चॅनल, तुमच्या कामाच्या जागेचं नाव आणि जमण्याची जागा. ‘इथे एक माणूस पडलाय, लवकर या’ असा निरोप निरुपयोगी. ‘ब्लॉक डी, स्लॉट १८, समुद्राकडची बाजू’ असा निरोप गेला की रुग्णवाहिका थेट तिथे पोहोचते. प्रत्येक ब्लॉकच्या (डब्यांच्या रांगांच्या गटाच्या) टोकाला अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. पहिल्या आठवड्यात व्हॅनमधून जाताना ते मनात वाचत जा.

पायरी २: यार्डात चालू नका

नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. समोर पन्नास मीटरवर ऑफिस आहे आणि व्हॅनची वाट बघत बसायचं? हो, बसायचं. डब्यांच्या रांगांमधून चालणारा माणूस कोणत्याही चालकाला वेळेत दिसत नाही. का दिसत नाही ते यंत्रागणिक वेगळं आहे.

स्ट्रॅडल कॅरिअर म्हणजे डब्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून तो उचलून नेणारं उंच यंत्र. त्याचा चालक जमिनीपासून दहा मीटरहून उंच बसतो. त्याच्या यंत्राच्या पायांजवळची जमीन त्याला जवळजवळ दिसतच नाही. आरटीजी ही ब्लॉकवर कमानीसारखी उभी असलेली क्रेन रबरी चाकांवर ब्लॉकच्या लांबीने सरकते. चालकाचं लक्ष खाली लटकणाऱ्या स्प्रेडरवर (डबा पकडणाऱ्या चौकटीवर) असतं, चाकांवर नसतं. चाकाजवळ भोंगा आणि फिरता दिवा असतो, पण दिवसभर वाजणारा भोंगा तासाभरात कानांना ऐकू येईनासा होतो.

रीच स्टॅकर सगळ्यात फसवा. त्याची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळताना त्याची शेपटी बाहेरच्या बाजूला फेकली जाते. मोटारीची सवय असलेला माणूस पुढच्या चाकांकडे बघून ‘आपल्या बाजूला येत नाहीये’ असा अंदाज बांधतो, आणि नेमकी मागची बाजू येऊन आदळते. डबा उचललेला असेल तर समोरचंही नीट दिसत नाही, म्हणून चालक बराच वेळ मागे मागेच चालवत असतो.

यंत्राजवळ जावंच लागलं तर क्रम असा:

१. दुरूनच रेडिओवर चालकाला त्याच्या यंत्राच्या नंबरने हाक मारा.
२. आपण कोण, कुठे उभे आहोत आणि काय करायचंय ते सांगा.
३. त्याने ते शब्द परत म्हणून दाखवेपर्यंत हलू नका. नुसतं ‘ओके’ चालत नाही.
४. यंत्र थांबलं, उचललेला भार खाली टेकला आणि चालकाने दोन्ही हात दाखवले, की मगच पुढे.
५. काम झाल्यावर बाहेर येऊन ‘मी बाहेर आहे’ असं कळवा. हीच पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. मग एक तर चालक ताटकळत बसतो, किंवा कंटाळून स्वतःच अंदाज करून निघतो.

रेडिओवरचा नमुना (आरएस म्हणजे रीच स्टॅकर, चेकर म्हणजे डबे तपासून नोंद करणारा): ‘आरएस सात, मी चेकर. ब्लॉक बी, स्लॉट वीस, तुमच्या उजव्या बाजूला. सील बघायला येतोय. थांबा.’ उत्तर: ‘चेकर, आरएस सात थांबलाय. बी वीस, उजवी बाजू. या.’ एवढं बोलायला दहा सेकंद पुरतात.

पायरी ३: लटकत्या भाराची सावली ओळखा

स्प्रेडर डब्याला चार कोपऱ्यांत पकडतो. पकड सुटणं क्वचित होतं, पण सुट्या वस्तू पडणं नेहमीचं आहे. डब्याच्या छतावर राहिलेला लॉक, तळाला अडकलेलं गंजलेलं ट्विस्टलॉक (डबा खालच्या डब्याला किंवा डेकला जोडणारा फिरता लॉक), तुटलेला लाकडाचा तुकडा, साचलेलं पाणी. पाच-सहा किलोचं ट्विस्टलॉक वीस मीटरवरून आलं तर ते काय करेल याची कल्पना करायला गणित लागत नाही. म्हणून डब्याच्या बरोबर खालची जागा टाळली एवढ्याने भागत नाही. डबा ज्या वाटेने जातो ती अख्खी पट्टी मोकळी ठेवायची, आणि झोक्यासाठी बाजूला आणखी जागा सोडायची. हॅच कव्हर (जहाजाच्या मालकोठाराचं झाकण) उतरवताना तर धक्क्यावरची ती सगळी जागा रिकामी हवी.

आता धक्क्यावर ट्विस्टलॉक काढण्याचं काम जवळून बघू, कारण बहुतेक नव्या कामगारांना पहिल्यांदा तिथेच लावतात. जहाजाच्या डेकवरून उतरलेल्या डब्याच्या तळाला चार लॉक येतात.

– ट्रेलर लेनमध्ये येऊन पूर्ण थांबतो. तुम्ही तोपर्यंत आखलेल्या सुरक्षित जागेत, क्रेनच्या पायाच्या आडोशाला किंवा प्लॅटफॉर्मवर उभे असता.
– क्रेन चालक डबा ट्रेलरच्या वर, छातीच्या उंचीला आणून स्थिर धरतो. झोके पूर्ण थांबू द्या. डोलत्या डब्याला हाताने आवरायला जाणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. पंचवीस टनांचा डबा हाताने आवरत नाही, तो हात घेऊन जातो.
– दोन्ही बाजूंचे कामगार आपापल्या कोपऱ्यातला लॉक बाजूने पकडून फिरवतात आणि ओढून काढतात. तळहात डब्याच्या खाली येऊ देऊ नका. निघत नसेल तर हातोडा मारत बसू नका, फोरमनला बोलवा. जाम झालेला लॉक अचानक सुटतो आणि पायावर येतो.
– लॉक पेटीत टाका आणि परत सुरक्षित जागी या. दोन्ही बाजूंनी इशारा मिळाल्याशिवाय क्रेन चालकाने डबा खाली घ्यायचा नाही. एका बाजूचा इशारा बघून डबा खाली आला, तर दुसऱ्या बाजूच्या माणसाची बोटं चिरडतात.

जाता जाता एक हिशोब. तासाला २५ डबे धरले, प्रत्येकाला ४ लॉक, तर आठ तासांत ८०० लॉक. एक लॉक सहा किलोचा धरला तर पावणेपाच टनांहून जास्त वजन हातांनी उचललं जातं. चार जणांत वाटलं तरी माणशी बाराशे किलो. पेटी कमरेच्या उंचीला असणं, माणसं आलटून पालटून लावणं हे लाड नव्हेत. दमलेला माणूस शिफ्टच्या शेवटच्या तासात लॉक फेकायला लागतो, आणि फेकलेला लॉक कुणाच्या तरी नडगीवर बसतो.

लॉक बसवण्याचं काम उलट्या क्रमाने होतं. त्यात एकच जास्तीची काळजी: पेटीत एकाच जातीचे लॉक हवेत. डावीकडे बंद होणारे आणि उजवीकडे बंद होणारे लॉक एका जहाजावर मिसळले, की वरचा लॅशर (जहाजावर डबे बांधणारा-सोडणारा कामगार) दांडा बघून ‘बंद आहे’ समजतो आणि प्रत्यक्षात तो उघडा असतो. असे मिश्र लॉक दिसले तर काम थांबवून सांगा.

पायरी ४: जहाजावर चढताना आणि लॅशिंग करताना

गँगवेखाली जाळी आहे का, तो नीट बांधलाय का, त्याचा शेवट धक्क्यावर टेकलाय की लटकतोय, हे स्वतः बघा. चढताना हात मोकळे हवेत. हत्यारं पिशवीत किंवा दोरीने वर ओढून घ्यायची. धक्क्यावरून चालताना जहाज बांधलेल्या दोरांच्या रेषेत कधीही उभं राहू नका. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो आणि त्याला टाळायला वेळ मिळत नाही.

डेकवर पोचल्यावर कामाला हात लावण्याआधी एक फेरी मारा. लॅशिंग ब्रिजचं (डब्यांच्या रांगांमधल्या उंच लोखंडी मचाणाचं) कठडं जागेवर आहे का, झाकण नसलेली भोकं आहेत का, तेल सांडलंय का, उजेड पुरेसा आहे का. जहाज परक्याचं असतं, दुरुस्ती तुमच्या हातात नसते. पण भोक झाकल्याशिवाय किंवा तिथे अडसर लावल्याशिवाय काम सुरू न करणं तुमच्या हातात आहे. फोरमन जहाजाच्या अधिकाऱ्याशी बोलेल.

नेमकी कोणती बे (जहाजावरची डब्यांची आडवी रांग) सोडायची, म्हणजे तिथले डबे बांधलेले रॉड काढायचे, हे तोंडी ऐकून निघू नका, कागद बघा. क्रेन जिथे काम करते तिच्या शेजारच्या बेमध्ये लॅशिंग करायचं नसतं. किती बे अंतर सोडायचं ते तुमच्या टर्मिनलच्या नियमात लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी तो आकडा विचारा.

लॅशिंग रॉड सोडण्याची पद्धत:

१. दोघांनीच करायचं. एकट्याने कधीच नाही.
२. एकाने टर्नबकलचा (रॉड ताणून धरणाऱ्या स्क्रूच्या जोडणीचा) लॉकनट सैल करायचा आणि पान्याने फिरवायला सुरुवात करायची. पाय घट्ट रोवून, शरीर पान्याच्या दांड्याच्या रेषेबाहेर ठेवून. पाना घसरला तर तो तोंडावर येऊ नये.
३. ताण गेल्याचं जाणवताच दुसऱ्याने रॉड दोन्ही हातांनी पकडायचा. लांब रॉड वीस किलोच्या आसपास असतो आणि वरच्या टोकाला फक्त कॉर्नर कास्टिंगच्या भोकात अडकलेला असतो. टर्नबकल सुटल्यावर पकडलेला नसेल तर तो झोका घेतो आणि शेजारच्याला झोडपतो.
४. वरचं टोक भोकातून काढून रॉड हाताखाली हात घेत उतरवायचा. खाली सोडून द्यायचा नाही, ‘खाली बघा’ असं ओरडून तर मुळीच नाही.
५. लगेच रॅकमध्ये ठेवायचा. वाटेत आडवा पडलेला रॉड हे लॅशरच्या पडण्याचं नेहमीचं कारण.

अर्धस्वयंचलित ट्विस्टलॉक लांब दांड्याने ओढून उघडतात. सोडलेला प्रत्येक लॉक मोजा. एक जरी बंद राहिला, तर क्रेन वरचा डबा ओढताना खालचाही उचलते, किंवा डबा तिरका होऊन लटकतो.

डब्याच्या छतावर जायची वेळ आली तर लॅशिंग केज (क्रेनने वर नेलेला माणसांचा पिंजरा) लागते, किंवा आधी बांधलेला फॉल अरेस्ट, म्हणजे पडताना धरून ठेवणारा पट्टा आणि दोर. तीन डब्यांच्या थराची उंची साधारण आठ मीटर. ‘दोन मिनिटांचं काम आहे, वर चढून काढून येतो’ या वाक्यावर थांबा म्हणायचं, मग बोलणारा कितीही जुना असो.

पायरी ५: डबा वाचायला शिका

दारावरच्या सीएससी पट्टीवर जास्तीत जास्त एकूण वजन आणि थर लावण्याची क्षमता कोरलेली असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कंटेनर सुरक्षा करारातून ही पट्टी आली. ती नसेल, गंजून वाचता येत नसेल, किंवा कोपऱ्याचा खांब वाकलेला, तळाची आडवी पट्टी फाटलेली दिसली, तर तो डबा उचलायच्या आधी चेकरला दाखवा.

वजनाचा मामला वेगळा. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजात भरता येत नाही. कामगाराला याचं काय? जड डबा हलका म्हणून कागदावर गेला की तो थराच्या वर ठेवला जातो, आणि खवळलेल्या समुद्रात सबंध थर कोसळतो. यार्डातही रीच स्टॅकर दूरच्या रांगेत बूम लांब करून तोच डबा उचलायला जातो आणि पुढे कलंडतो. क्रेनच्या मीटरवरचं वजन आणि कागदावरचं वजन जुळत नसेल तर चालकाने कळवायलाच हवं.

दार उघडणं ही खास धोक्याची गोष्ट. माल सरकून दाराला टेकलेला असू शकतो. आधी दार फुगलंय का, दांडे नेहमीपेक्षा घट्ट आहेत का ते बघा. दारांभोवती पट्टा बांधून एकच झडप, उजवी, हळूच थोडी उघडा, शरीर झडपेच्या आड ठेवा. दोन्ही झडपा एकदम कधीच उघडायच्या नाहीत.

आत शिरण्याचा प्रश्न आला तर नाकावर विश्वास ठेवू नका. धुरी दिलेल्या (कीड मारायला विषारी वायू सोडलेल्या) डब्यावर कवटीचं चिन्ह असलेला फलक असतो, त्यावर धुरीच्या वायूचं नाव आणि तारीख असते. मिथाइल ब्रोमाइडला जाणवण्याजोगा वास नसतो. फॉस्फीनला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण त्यावर भरवसा ठेवून आत पाऊल टाकू नये. फलक नसलेल्या डब्यातही धुरीचा अंश असू शकतो. नियंत्रित हवेच्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) डब्यांत नायट्रोजन भरून प्राणवायू दोन ते पाच टक्क्यांवर आणलेला असतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के. अशा हवेत एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला आधी काहीच जाणवत नाही. वायू मोजून, हवा खेळवून, लेखी परवानगी मिळाल्यावरच आत जायचं. आत कुणी कोसळलेला दिसला तर आत उडी घेऊ नका. वाचवायला धावलेला माणूस बहुधा दुसरा बळी असतो. ओरडा, रेडिओवर कळवा, श्वसनयंत्र असलेल्या पथकाची वाट बघा.

धोकादायक मालाचे चौकोनी रंगीत फलक नऊ वर्गांचे. सगळे पाठ करायची गरज नाही, पण स्फोटक, ज्वलनशील, विषारी आणि पाण्याशी प्रतिक्रिया देणारे हे चार ओळखता आले पाहिजेत. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमधल्या त्यानजिन बंदरातल्या धोकादायक मालाच्या गोदामात कोरडं पडलेलं नायट्रोसेल्युलोज आपोआप तापून पेटलं, आणि आग पुढे अमोनियम नायट्रेटपर्यंत पोचली. १६५ माणसं गेली, ८ जणांचा ठावठिकाणाच लागला नाही. ४ जून २०२२ ला बांगलादेशात सीताकुंडाच्या कंटेनर डेपोत आग लागली, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेलं होतं, आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यात मेले. आतल्या मालाची कल्पना नसताना आग विझवायला जाऊ नका. डब्यातून धूर, गळती किंवा उष्णता जाणवली तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, व्हा, डबा क्रमांक वाचून कळवा आणि लांब राहा.

पायरी ६: रीफर, ट्रेलर आणि वारा

रीफरचा सॉकेट ३८० ते ४६० व्होल्ट, तीन फेज आणि ३२ अँपिअरचा असतो. काढताना क्रम: आधी डब्यावरचा स्विच बंद, मग सॉकेटचा स्विच बंद, मग प्लग धरून ओढा, केबल धरून नाही. केबल गुंडाळून डब्याच्या कप्प्यात ठेवली की मगच ‘काढला’ असं नोंदवा. लावताना हाच क्रम उलटा. प्लगमध्ये पाणी किंवा जळल्याचा काळा डाग दिसला तर तो वापरू नका. नोंद चुकली आणि प्लग लागलेला असताना क्रेनने डबा उचलला, तर सॉकेट भिंतीसकट उपटून येतो.

ट्रेलरवरून डबा उचलताना चारपैकी एक लॉक बंद राहिला तर सबंध ट्रेलर वर उचलला जातो, आणि बऱ्याचदा तो चालकासकट. म्हणून चांगला क्रेन चालक डबा जेमतेम एक फूट उचलून थांबतो, ट्रेलरची चाकं जमिनीवर आहेत का बघतो आणि मगच पुढे नेतो. ही थांबण्याची सवय मोडायची घाई सुपरवायझर करतो तिथे अपघात ठरलेला. ट्रेलरचालकाने या वेळी एक तर कॅबमध्ये बसायचं, किंवा आखून दिलेल्या जागेत उभं राहायचं. दोन चाकांमध्ये उभं राहून ‘हं, येऊ द्या’ करणं नाही.

वाऱ्याचा हिशोब नव्यांना आश्चर्यात टाकतो. रिकाम्या चाळीस फुटी उंच डब्याची बाजू सुमारे ३५ चौरस मीटर आणि वजन चार टनांच्या जरा खाली. ताशी ७२ किलोमीटरचा वारा त्याला साधारण एक टन जोराने ढकलतो. वारा दीडपट झाला की जोर सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच रिकाम्या डब्यांचे थर दाटीवाटीने, एकमेकांच्या आडोशाला, बाहेरच्या बाजूला पायऱ्यांसारखे उतरते लावतात. एकटी उंच रांग सगळ्यात आधी पडते. क्रेनवरच्या वाऱ्याच्या मापकाचा इशारा वाजला की रिकाम्या डब्यांच्या ब्लॉकपासून दूर व्हा आणि क्रेन बांधण्याचं काम संपेपर्यंत तिकडे फिरकू नका.

पायरी ७: ‘थांबा’ म्हणायला शिका

वरच्या सगळ्या पायऱ्या ज्याच्या त्याच्या माहितीत असतात. तरीही चुका होतात, कारण थांबणाऱ्याला ‘डबे किती झाले’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. यावर उपाय सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो, पण सुरुवात तुम्ही करू शकता.

रेडिओवर थांबवायचा शब्द एकच ठेवा आणि तीनदा म्हणा: ‘थांबा, थांबा, थांबा.’ कारण नंतर सांगायचं. हाताचा थांबवण्याचा इशारा तुमच्या टर्मिनलवर कोणता ते आजच विचारून घ्या, कारण पद्धती वेगवेगळ्या असतात. पुढे नेण्याचा इशारा नेमलेल्या एकाच माणसाने द्यायचा. थांबवण्याचा मात्र कुणीही द्यावा, आणि चालकाने तो कुणाचाही पाळावा. गंभीर आणि नजीकच्या धोक्यापासून रास्त कारणाने बाजूला झालेल्या कामगारावर त्याबद्दल गैरवाजवी परिणाम होऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या ठरावात लिहिलेलं आहे. गोदीकामाच्या सुरक्षिततेवर १९७९ चा वेगळा १५२ क्रमांकाचा ठराव आहे. आपल्या टर्मिनलची थांबवण्याच्या हक्काची लेखी नोंद कुठे लावली आहे ते बघा, आणि ती नसेल तर मागा.

थोडक्यात हुकलेल्या अपघाताची नोंद लिहायची वेळ येईल. ‘चालकाने लक्ष दिले नाही’ असं लिहिलं तर कुणीच काही शिकत नाही. असं लिहा: ‘ब्लॉक सी, स्लॉट १२, रात्री ११:४०. प्लगसाठी वाकलो असताना रीच स्टॅकर मागून चार मीटरवर थांबला. दिवा बंद होता, रीफरच्या पंख्यांमुळे भोंगा ऐकू आला नाही. ब्लॉकचं टोक बंद केलेलं नव्हतं.’ यातून तीन दुरुस्त्या निघतात: दिवा, अडसर आणि रेडिओवर आगाऊ कळवणं. माणसाला दोष दिला की एकही निघत नाही.

नोंद दिल्यावर उत्तर किती दिवसांत येतं, कुणी काय बदललं, ते विचारत राहा. अपघातविरहित दिवसांचा बोनस वाटणाऱ्या ठिकाणी माणसं बोटाची जखम लपवून घरी जातात, हेही ध्यानात असू द्या. ज्या विभागातून महिनोन्महिने एकही नोंद येत नाही, तिथे धोका नाही असं समजू नका. लोक लिहायला घाबरतात. नवीन टर्मिनलची पारख करायची सोपी खूण म्हणजे काम थांबल्यावर रेडिओवर येणारा पहिला प्रश्न. ‘काय झालं?’ असा आला तर ठीक. ‘कोणी थांबवलं?’ असा आला तर सावध राहा आणि आपल्या गँगमधल्या जुन्या, नीट काम करणाऱ्या माणसाच्या जवळ काम करा.

पायरी ८: शिफ्ट बदलताना

पहाटेच्या वेळी आणि सलग बाराव्या तासाला नजर कमी पडते. उन्हात तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी लागतं, तहान लागण्याची वाट बघू नका. झोप अनावर असेल तर चालवणं किंवा इशारा देणं सोडून फोरमनला सांगा. ज्याला रात्री झोप मिळालेली नाही असा चालक दिसला तर त्याच्या हातात यंत्र देणाऱ्याचीही चूक असते.

सुटताना पुढच्या गँगला समोरासमोर सांगा: कोणती बे सोडून झाली, कोणता लॉक जाम आहे, कोणत्या रीफरच्या प्लगला खूण लावली आहे, कोणता कठडा बांधायचा राहिला. फळ्यावर लिहिलं असेल तरी तोंडी सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्या. नंतर व्हॅनच्या थांब्यावर उभे राहा. व्हॅन दहा मिनिटं उशिरा आली तरी ब्लॉकमधून चालत जाण्याची घाई करू नका. आत बसताना चालकाला आपलं नाव सांगा, म्हणजे गेटवर माणसं मोजताना तुमचा आकडा जुळेल आणि नंतर तुम्हाला शोधायला कुणी अंधारात यार्डात उतरणार नाही.